मंडप उतरल्यावर

समारंभ कसा झाला हें ज्यास खरोखर जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें तो रंगांत आला असतां जाऊं नये. मंडप उतरत असतां जावें, असें माझे वडील म्हणत असत. त्या काळीं मला तें बोलणें त्यांच्या रुक्ष स्वभावास शोभणारें, एवढेंच वाटे. गेल्या मार्गशीर्षांत त्याचा अर्थ मला एका रात्रींत कळला. तो वाचकांपुढें मांडावा म्हणून या महिन्याचें हें टिपण लिहावयास बसलों आहें.

माझा धाकटा भाचा व्यापारी मंडळींच्या सभा, परिषदा व प्रदर्शनें भरवून देण्याचा व्यवसाय करतो. आमच्या लहानपणीं कार्य म्हटलें कीं घरचीं व आळींतलीं चार जाणतीं माणसें कंबर बांधून उभीं राहत आणि तें तडीस नेत. आतां तो एक स्वतंत्र धंदा झाला आहे, आणि पुष्कळ कष्टाळू मुलेंमुली त्यावर पोट भरीत आहेत. या भाच्यानें आमच्या पुण्यांत लहान कारखानदारांचा एक दिवसाचा मेळावा भरविला होता. त्याचें आग्रहाचें बोलावणें आलें, म्हणून मीहि गेलों. व्याख्यानें अभ्यासपूर्ण झालीं. व्यासपीठामागें मोठ्या अक्षरांत ‘पर्यावरणस्नेही मेळावा’ असें लिहिलें होतें, आणि निघतांना प्रत्येक पाहुण्याच्या हातीं तुळशीचें एक रोप देण्याची योजना होती. मला मोठें कौतुक वाटलें.

रात्रीं भाच्याच्याच गाडींतून परतावयाचें असल्यामुळें मी मागें थांबलों, आणि सहज मुदपाकखान्याकडे वळलों. तेथें भाताचीं दोन मोठीं पातेलीं जवळजवळ भरलेलीं होतीं. आमटीची, उसळीची व जिलब्यांची तीच गत. आचाऱ्याचीं माणसें तें अन्न काळ्या पिशव्यांतून ओतीत होतीं. कोपऱ्यांत तुळशीचीं ऐंशीं-नव्वद रोपें आडवीं पडलीं होतीं. सफाईचें काम करणाऱ्या दोन बाया जमिनीवर बसून, भातानें लडबडलेल्या कागदी ताटांच्या ढिगांतून चमचे व बाटल्या हातांनीं निवडीत होत्या. भाचा ओशाळून त्यांच्याशीं कांहींतरी बोलूं लागला. तेव्हां त्यांतील वयस्क बाई मान वर न करतां म्हणाली, “सकाळी कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं.”

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, मी मनापासून केलं होतं हो. तरी हे असं झालं. दोन वर्षांत ही तिसरी वेळ. चूक कोणाची तेच सांपडत नाही. धंदा सोडून कुठेतरी नोकरी धरावी म्हणतो.”

चूक सांपडत नाहीं हें वाक्य शाळामास्तरास सहन होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन ओसरीवर बसलों. मेळाव्यास नांवें आलीं होतीं ४००. यजमान मंडळाच्या चिटणीसांनीं आयत्या वेळच्या पाहुण्यांसाठीं शेंकडा १० वाढवून भाच्यास ४४० चा आंकडा दिला. भाच्यानें, अन्न कमी पडून आपलें नांव जाऊं नये म्हणून, त्यावर पुन्हां शेंकडा १० चढविले व आचाऱ्यास ४८४ सांगितले. आचाऱ्यानें आपल्या अनुभवास स्मरून आणखी शेंकडा १० धरले आणि ५३२ माणसांचा स्वयंपाक रांधला. प्रत्यक्ष जेवले ३१०. म्हणजे २२२ माणसांचें अन्न पिशव्यांत गेलें.

यांत कोणीहि लबाडी केली नव्हती, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. तिघांनींहि शहाणपणच केलें. फक्त एकाचें शहाणपण दुसऱ्यास ठाऊक नव्हतें. याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. दूरच्या तालुक्यांतून येणारी एक मोठी तुकडी येऊं शकत नाहीं, असा निरोप सकाळीं आठ वाजतांच नांवनोंदणीच्या मेजावर पोहोंचला होता. तेथील मुलीनें तो वहींत नीट लिहूनहि ठेवला. ती वही आणि मुदपाकखाना यांच्यामधें साठ पावलांचें अंतर होतें. तें कोणीं चाललें नाहीं, कारण तें चालणें कोणाच्याच कामांत लिहिलेलें नव्हतें.

उरलेलें अन्न टाकणें हें पाप, एवढें आपणां सर्वांस घरच्या शिकवणीनें ठाऊक आहे. त्यांत आतां आणखी एका ज्ञानाची भर पडली आहे. ओलें अन्न कचऱ्याच्या डोंगराखालीं हवा न लागतां कुजूं लागलें म्हणजे त्यांतून मिथेन नांवाचा वायु सुटतो, आणि पृथ्वीची उष्णता कोंडून धरण्यांत तो कार्बन डायऑक्साइडहून पुष्कळ प्रबळ असतो. ज्या मेळाव्याच्या कपाळावर पर्यावरणाचें नांव, त्याच्याच पाठीमागें हा कारखाना उघडावा, हें कसें?

भाच्याच्या धंद्यांतील पुस्तकें मीं मागवून घेतलीं. त्यांत ‘स्टेकहोल्डर’ असा एक शब्द पानोपानीं भेटतो. “मामा, याला चांगला मराठी शब्द द्या,” असें भाचा म्हणाला. ‘हितसंबंधी’ हा शब्द रूढ आहे खरा. परंतु आपल्या बोलण्यांत हितसंबंधी म्हणजे आंतून कांहीं साधून घेणारा, अशी थोडी वाईट छटा त्यास चिकटली आहे. मला त्यापेक्षां ‘वाटेकरी’ हा साधा शब्द बरा वाटतो. ज्याच्या वाट्यास त्या कार्याचें सुख अथवा दुःख येतें, तो त्याचा वाटेकरी. यजमान, पाहुणा व आचारी हे तर आलेच. पण ज्याच्या दारापुढें गाड्या उभ्या राहतात तो शेजारी, आणि उष्टीं निवडणारी बाई, हींहि त्यांत आलीं. दुसरा शब्द ‘शाश्वत’. एका दिवसांत उठणारा मेळावा शाश्वत कसा, अशी शंका मीं प्रथम काढली होती. विचारान्तीं असें वाटलें कीं, मेळावा जातो तो जावा. पण ज्यांच्या आधारावर तो भरतो तें पाणी, तें अन्न आणि माणसामाणसांतील विश्वास हीं मेळाव्यानंतरहि शाबूत राहिलीं पाहिजेत.

पाश्चात्त्य देशांत या गोष्टीचा विचार बऱ्याच शिस्तीनें झाला आहे. सभा-समारंभ निगुतीनें व कमी नासाडींत कसे करावेत याचें एक ब्रिटिश मानक २००७ सालीं तयार झालें. त्याचें नांव बीएस ८९०१. पुढें २००९ च्या डिसेंबरांत डेन्मार्कच्या कोपनहेगन नगरींत संयुक्त राष्ट्रांची हवामान-परिषद भरली, ती या मानकाप्रमाणें प्रमाणपत्र मिळवून भरविण्यांत आली होती. बाटलीबंद पाण्याऐवजीं प्रतिनिधींस नळाचें पाणी दिलें. भेटवस्तु मुळींच वांटल्या नाहींत. तो पैसा वाचवून ११ विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या. तुळशीच्या टाकलेल्या रोपांची आठवण ताजी असल्यामुळें ही हकीकत वाचून मीं पुस्तक क्षणभर मिटून ठेवलें.

परंतु त्याच परिषदेची दुसरी बाजूहि आहे. जेथें ती भरली त्या बेला सेंटर नांवाच्या सभागृहांत सुमारें १५,००० माणसें मावत. आणि नांवें नोंदली गेलीं होतीं सुमारें ४५,०००. डिसेंबरच्या त्या कडाक्याच्या थंडींत, देशोदेशींहून रीतसर नांव नोंदवून आलेलीं माणसें तासन्‌तास दाराबाहेर रांगेंत तिष्ठत राहिलीं, आणि पुष्कळांस आंत पाऊलहि ठेवतां आलें नाहीं. पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब चोख राहिला, पण दाराशीं उभ्या असलेल्या माणसाला ‘जागा नाहीं’ हें वेळेवर कळविण्याची व्यवस्था लंगडी पडली. नांवें घेणारा आणि खुर्च्या मोजणारा एकमेकांशीं पुरेसें बोलले नाहींत, म्हणजे आमच्या साठ पावलांचाच हा प्रकार; फक्त अंतर मोठें.

याच्या उलट २०१२ सालच्या लंडन येथील ऑलिम्पिक क्रीडामहोत्सवाचें उदाहरण पाहावें. त्या महोत्सवाच्या तयारींतून मिळालेल्या प्रेरणेनें, ब्रिटिश मानकाचा पाया घेऊन, आयएसओ २०१२१ हें आंतरराष्ट्रीय मानक त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. लंडनकरांनीं खेळांच्या दिवसांतील कचरा खड्ड्यांत पुरावयाचा नाहीं असें ठरविलें होतें व तें पाळलें. त्यांतील शेंकडा ७० कचरा पुन्हां उपयोगांत आणावयाचा अथवा त्याचें खत करावयाचें, असें उद्दिष्ट होतें. प्रत्यक्षांत शेंकडा ६२ पर्यंत मजल गेली. उद्दिष्ट चुकलें, आणि तें चुकल्याचा आंकडा त्यांनीं स्वतःच्या अहवालांत छापला. मला त्या शेंकडा ६२ पेक्षां हें छापणें अधिक मोलाचें वाटतें. शिवाय आयोजकांच्या कामावर नजर ठेवून उघडपणें गुणदोष सांगण्यासाठीं एक स्वतंत्र आयोग नेमलेला होता.

हा आयोग पाहून मला आपल्या यज्ञसंस्थेंतील ब्रह्मा आठवला. सोमयागांत होता ऋचा म्हणतो, अध्वर्यु हातानें कर्म करतो, उद्गाता साम गातो. आणि ब्रह्मा नांवाचा चौथा मुख्य ऋत्विज बहुतेक वेळ मौन धरून दक्षिणेस बसलेला असतो. त्याचें काम एकच. तिघांचें सर्व ऐकावयाचें, कोठें चुकलें तें ध्यानांत घ्यावयाचें, आणि प्रायश्चित्तानें तें सांवरून घ्यावयाचें. प्रत्येकजण आपापल्या कर्मांत गढलेला असतां दोन कर्मांमधील सांधा पाहणारें एक माणूस हवें, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं विधींतच घालून ठेविली होती. भाच्याच्या मेळाव्यांत होता, अध्वर्यु, उद्गाता सगळे होते. ब्रह्म्याचें आसन मात्र रिकामें होतें.

आणि फार मागें तरी कशाला जावें? ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरीस निघते. एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकरांनीं त्या सोहळ्यास जी शिस्त लावून दिली, तींत रात्रीच्या मुक्कामावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोंवतीं उभ्या राहतात. चोपदार हातांतला दंड उंच करतो आणि हजारों टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणें ऐकतो, आणि त्याचा निवाडा होतो. हरवलेल्या-सांपडलेल्या वस्तूंचा पुकाराहि तेथेंच होतो. तक्रार करणाऱ्यास येथें कोणाची आर्जवें करावीं लागत नाहींत. तक्रारीची वेळ, जागा आणि ऐकणारा हीं तिन्ही ठरलेलीं असतात, आणि तें रोज घडतें. चांगल्या संवादाचें याहून सोपें मानक मला तरी ठाऊक नाहीं.

एवढा विचार झाल्यावर भाच्यानें नोकरीचा बेत तूर्त बाजूस ठेवला. चैत्रांत दुसऱ्या एका मंडळाचा तसाच मेळावा त्याच सभागृहांत भरावयाचा होता. त्यापूर्वीं तीन आठवडे सर्व वाटेकऱ्यांची एक बैठक घ्यावी असें ठरलें, आणि बोलवावयाच्या मंडळींची यादी मींच केली. यजमान, सभागृहाचे व्यवस्थापक, आचारी, मंडपवाला, ध्वनियंत्रणेचा मनुष्य, छापखानेवाला व रोपवाटिकेचा मालक, अशी ती यादी. मोठ्या समाधानानें मीं ती घरांत वाचून दाखविली. आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटीत होत्या. त्यांनीं लाटणें न थांबवितां विचारलें, “आणि त्या दोघी?”

वाचकहो, मला खरोखरच लाज वाटली. पस्तीस वर्षें रोज सकाळीं वर्गाची हजेरी घेतलेला मी मनुष्य. ज्या बाईच्या एका वाक्यावरून हा सारा विचार सुरू झाला, तिचेंच नांव माझ्या हजेरींत नव्हतें. आपल्या घरांतील पंगतीला ज्यांचे हात सर्वांत शेवटीं लागतात, त्यांच्या तोंडचा शब्द सर्वांत आधीं ऐकावा, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नाहीं. आणि त्यास केवळ धांदल हें कारण नाहीं, हें आपल्यापैकीं प्रत्येकास मनांत ठाऊक आहे.

बैठक सभागृहांतच दुपारीं तीन वाजतां घेतली, कारण बायांचें काम दोन वाजतां संपतें. त्यांच्या त्या तासाची मजुरी भाच्यानें दिली. हें मी मुद्दाम लिहितों. पगारी मनुष्य बैठकीला बसला तरी त्याचा पगार चालू असतो. रोजानें राबणारीचा तेवढा रोज बुडतो. त्या प्रथम दाराशींच उभ्या राहिल्या. खुर्च्या पुढें केल्या, सर्वांबरोबर चहा झाला, तेव्हां हळूहळू बोलूं लागल्या. त्या तासाभरांत जें कळलें त्यांतील कांहीं येथें देतों.

आचारी प्रथम कांहींच बोलेना. शेवटीं म्हणाला, “साहेब, मला ताटामागे पैसे मिळतात. तुम्ही ताटं कमी केलीत, तर माझ्या बारा माणसांची मजुरी कोण देणार?” म्हणजे नासाडी थांबविण्याच्या आमच्या साधु हेतूंत त्याच्या पोटावर पाय येत होता, आणि तें आमच्या ध्यानींहि नव्हतें. मग असें ठरलें कीं, मजुरीची रक्कम एकत्र बांधून द्यावयाची आणि शिध्याचे पैसे तेवढे ताटांवर मोजावयाचे. लगेच त्याचें तोंड मोकळें झालें. त्यानेंच सुचविलें कीं शेंकडा १० ची वाढ सर्वांत मिळून एकदांच धरावी. आणि भाताचें शेवटचें आधण पहिली पंगत अर्धी होईपर्यंत ठेवूं नये. तांदूळ धुऊन तयार ठेवले कीं लागेल तर भात होतो, न लागला तर तांदूळ कोठीला परत जातात.

यजमानांस कागदी ताटांऐवजीं स्टीलचीं ताटें हवीं होतीं. सर्वांनीं मान डोलावली. तेव्हां ती वयस्क बाई म्हणाली, “मागं नळ एकच आहे, आणि मोरी तुंबते. तीनशे ताटं कुठं घासायची?” दहा वर्षें त्या सभागृहांत राबलेल्या बाईखेरीज ही गोष्ट कोणास ठाऊक असणार? व्यवस्थापकांनीं मोरी साफ करून घेण्याचें व पाण्याची एक जादा टाकी देण्याचें कबूल केलें. कचऱ्याच्या टोपल्या कोपऱ्यांत शोभेसारख्या ठेवतात व त्यांवर इंग्रजींत लिहितात, त्यांत कोणी कांहीं टाकीत नाहीं, असेंहि तिनेंच सांगितलें. जेवून माणूस जेथें उठतो तेथें टोपली हवी, आणि पहिला अर्धा तास तिच्याजवळ ‘ओलें इकडे, सुकें तिकडे’ म्हणणारें एक माणूस हवें. पुढें लोक आपोआप एकमेकांचें पाहून टाकतात. हें एक शास्त्रच आहे. आमच्या पुण्यांत कचरावेचकांनीं १९९३ सालीं आपली संघटना उभारली, आणि पुढें त्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशीं करार करून घरोघर कचरा गोळा करूं लागली. या लोकांचें ज्ञान हातांत असतें. त्यास विचारल्याशिवाय तें तोंडावर येत नाहीं.

छापखानेवाला म्हणाला कीं, मोठ्या फलकावर तारीख व साल छापूं नका, म्हणजे तो पुढच्या वेळीं चालेल; हें तो पूर्वींच सांगता, पण त्यास कोणीं विचारलें नव्हतें. रोप ज्यास हवें त्यानेंच नांव नोंदवितांना तसें लिहावें, असें ठरलें. अडून बसले ते एकटे यजमान. “अन्न कमी पडलं तर माझं नाक जाईल,” असें ते पुनःपुन्हां म्हणत होते. भाच्यानें ४००, ४४०, ४८४, ५३२ आणि ३१० हे पांच आंकडे खडूनें फळ्यावर एकाखालीं एक मांडले आणि तो कांहीं न बोलतां बाजूस झाला. ते थोडा वेळ पाहात राहिले, मग म्हणाले, “बरं. पण तांदूळ धुऊन तयार असू देत.”

शेवटीं निरोपांची व्यवस्था. नांवनोंदणीची वही दर दोन तासांनीं मुदपाकखान्यांत नेऊन दाखविणें हें एका मुलाच्या कामांत लिहून टाकलें. दुपारीं चार वाजतां पांच मिनिटें सर्वांनीं मागच्या दाराशीं जमावें आणि ज्याची तक्रार असेल त्यानें ती तेथेंच सांगावी, असेंहि ठरलें. भाचा त्यास ‘चोपदाराची वेळ’ म्हणतो. ब्रह्म्याचें मौनासन वयपरत्वें मला देण्यांत आलें.

मेळावा झाला. नांवें ३६० होतीं, माणसें आलीं २९०. अन्न उरलें तें दहाबारा पानांचें. तें आधींच ठरवून ठेवल्याप्रमाणें रात्रीं आठाच्या आंत एका विद्यार्थी वसतिगृहांत पोहोंचलें. परंतु लंडनकरांप्रमाणें आम्हींहि आपल्या उणीवा छापल्या पाहिजेत. पिण्याच्या पाण्याचे पेले कमी पडले, आणि घासून येईपर्यंत वीस मिनिटें लोक तहानलेले उभे राहिले. शेजारच्या दवाखान्यास आम्हीं कांहींच कळविलें नव्हतें. त्यांच्या फाटकापुढें गाड्या लागल्या आणि एका रुग्णास उचलून आणावें लागलें. डॉक्टरीणबाई रागावल्या, तें योग्यच झालें. वाटेकऱ्यांची यादी कधींहि पुरी होत नाहीं, एवढा धडा आम्हांस मिळाला. पुढच्या यादींत दवाखान्याचें नांव पहिलें आहे.

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा, असें कोणीं म्हणूं नये. आपल्या एकत्र कुटुंबांतून मुंजी होतात, लग्नें होतात, साठीशांति होतात. २०१६ सालच्या घनकचरा नियमांत, परवाना नसलेल्या जागीं शंभरांहून अधिक माणसांचा समारंभ करावयाचा तर निदान तीन कामाचे दिवस आधीं स्थानिक संस्थेस कळवावें व कचरा जागच्या जागीं वेगळा करून द्यावा, अशी तरतूद करण्यांत आली होती. म्हणजे कायद्यासहि प्रथम बोलणेंच हवें होतें. घरच्या कार्यासाठीं मी तीन गोष्टी सुचवितों. पानांचा आंकडा घरांतील एकाच माणसाच्या हातीं असावा, आणि वाढ एकदांच धरावी. कार्यापूर्वीं आठ दिवस घरच्या सुनांस, आचाऱ्यास आणि भांडीं घासणाऱ्या बाईस एकत्र बसवून ‘मागच्या वेळीं काय अडलें?’ एवढेंच विचारावें आणि आपण मध्यें बोलूं नये. कार्य झाल्यावर किती रांधलें, किती उठलें, काय चुकलें हें त्याच रात्रीं वहींत लिहावें. दुसऱ्या दिवशीं आठवण गोड होते व खोटीहि होते.

परवां भाचा आला होता. नोकरीची गोष्ट त्यानें काढली नाहीं. त्या वयस्क बाई आतां दर मेळाव्याच्या आधीं त्याला स्वतःहून फोन करतात आणि कांहीं ना कांहीं तक्रार सांगतात, असें तो म्हणाला. या खेपेस पिशव्या फार पातळ आणल्या, अशी तक्रार होती. “मामा, फार तक्रारी करतात हो त्या,” असें म्हणतांना तो हंसत होता. मी म्हटलें, “टाळ वाजताहेत तोंवर जाऊन ऐकत जा. आणि जाड पिशव्या आण.”